वजन कोणत्या पायावर? प्रवासात पुरुषशिल्प पाहण्याची रीत

पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला आबे फारिया यांचा ब्राँझचा पुतळा आहे. कांदोळीत १७५६ साली जन्मलेले हे धर्मगुरू पुढे पॅरिसमध्ये संमोहनविद्येमुळे प्रसिद्ध झाले, आणि शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला त्यांचा पुतळा १९४५ साली येथे बसवण्यात आला. त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या कोणत्याही पणजीकराला विचारले, तर झग्यातला पाद्री आणि त्याच्या हातांखाली कोसळणारी स्त्री एवढे तो लगेच सांगेल. मात्र पाद्रीच्या शरीराचे वजन कोणत्या पायावर आहे, असे विचारल्यास बहुधा उत्तर मिळत नाही. त्याचे उत्तर मीही येथे देणार नाही, कारण ते पुतळ्यापुढे पाच मिनिटे उभे राहून शोधावे लागते आणि अथेन्स, नेपल्स, बदामी किंवा कारकळ येथे जाऊन अभिजात पुरुषशिल्प पाहू इच्छिणाऱ्याने त्याच पाच मिनिटांपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

शिल्पापुढे उभे राहताच आपण आधी नाव शोधतो. हा अपोलो, हा बाहुबली, हा मायकेलँजेलोचा दावीद, असे कळले की पाहणे संपले असे मनाला वाटते. नग्न पुरुषशिल्प असेल, तर त्यात संकोचाची भर पडते. सोबत सासरची मंडळी किंवा शाळकरी मुले असतील, तर नजर पाटीवरून थेट पुढच्या दालनाकडे वळते. या दोन्ही अडचणींवर मला एकच उपाय सापडला आहे, तो म्हणजे मूर्ती कोणाची हे नंतर विचारावे आणि तिचे वजन कुठे पडले आहे हे आधी पाहावे. पुरुषदेह दगडात किंवा धातूत उभा करणे हा मूर्तिकारांपुढचा फार जुना प्रश्न आहे, आणि आपण त्याच प्रश्नापासून सुरुवात केली की नजर आपोआप शांत होते.

घरातली तयारी

पहिला धडा आरशापुढे गिरवायचा आहे. अनवाणी, दोन्ही पायांवर सारखे वजन देऊन उभे राहावे आणि दोन्ही हातांची बोटे कमरेच्या हाडांवर ठेवावीत. मग सगळे वजन उजव्या पायावर घ्यावे आणि डावा गुडघा सैल सोडावा. उजवीकडचे कमरेचे हाड वर जाते, डावीकडचे खाली येते, आणि तोल राखण्यासाठी उजवा खांदा नकळत खाली झुकतो; पाठीचा कणा इंग्रजी एससारखा किंचित वळतो. कमरेची रेषा एका बाजूला आणि खांद्यांची रेषा तिच्या उलट बाजूला कललेली, ही गोष्ट एकदा स्वतःच्या अंगात जाणवली की ग्रीक शिल्पाचे निम्मे व्याकरण आपल्याला कळलेले असते. इटालियन कलाभाषेत या उभे राहण्याला 'कॉन्त्रापोस्तो' म्हणतात.

आपल्याकडे याच्या जवळची पण वेगळ्या हेतूची परिभाषा आहे. वजन दोन्ही पायांवर सारखे असेल तर समभंग, किंचित कल असेल तर आभंग, मान, धड आणि पाय अशा तीन ठिकाणी वळण असेल तर त्रिभंग, आणि नृत्यात किंवा युद्धात शरीर टोकाला ताणले गेले असेल तर अतिभंग. समभंग समजण्यासाठी मराठी माणसाला संग्रहालयात जाण्याचीही गरज नाही. विटेवर समचरण उभा असलेला, कर कटावर ठेवलेला विठ्ठल लहानपणापासून डोळ्यांपुढे असतो. त्याचे पाय जुळलेले आहेत, कंबर सरळ आहे आणि कोपर बाहेर आलेले आहेत, एवढे आठवले तरी पुढच्या प्रत्येक मूर्तीशी तुलना करायला एक पक्के माप हाती येते.

मापाचा विषय निघालाच आहे म्हणून तालाविषयीही थोडे सांगतो. भारतीय मूर्तिशास्त्रात ताल म्हणजे साधारणपणे चेहऱ्याच्या लांबीएवढे माप, आणि त्याची बारा अंगुळे मानतात. मूर्ती नवताल की दशताल यावरून तिची उंची आणि घडण ठरते. बैलासारखे खांदे, सिंहासारखी कंबर, गुडघ्यापर्यंत पोहोचणारे हात ही वर्णने आपण काव्यात ऐकतो तेव्हा ती स्तुती वाटते. मूर्तिकाराला मात्र ती घडवण्याची सूचना असते. ज्यांना हे पुस्तकातून समजत नाही, त्यांनी चतुर्थीच्या आधी एखाद्या चित्रशाळेत जाऊन मूर्तिकाराला विचारावे. मातीचा गणपती कोणत्या अंगाला किती भार घेऊन बसतो आणि तो भार चुकला तर मूर्ती सुकताना कुठे तडकते, हे तो हातानेच दाखवतो.

गोव्यातला सराव

जुन्या गोव्यात पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संग्रहालय असिसीच्या संत फ्रान्सिसच्या चर्चला लागून असलेल्या मठात आहे. ते शुक्रवारी बंद असते, हे लक्षात ठेवावे. बहुतेक प्रवासी वरच्या मजल्यावरच्या व्हाइसरॉयांच्या चित्रांकडे धाव घेतात. आपण खालीच थांबावे. आफोन्सो द आल्बुकेर्क याचा ब्राँझचा भव्य पुतळा आणि कदंबकाळातले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, येथे एकाच छपराखाली पाहायला मिळतात, आणि ही जोडी फार बोलकी आहे. पुतळ्यात पुरुषाचे सामर्थ्य उंचीने आणि पेहरावाने सांगितले आहे. वीरगळात माणूस वीतभर उंचीचा असतो, चेहरा झिजून गेलेला असतो, तरी मागचा पाय ताठ, पुढचा गुडघा वाकलेला आणि धड पुढे झेपावलेले, एवढ्यावरून तो लढतो आहे हे कळते. खालच्या पट्टीत लढाई, मधल्या पट्टीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा, असा वीरगळाचा नेहमीचा क्रम असतो. एकाच माणसाचे शरीर खालून वर जाताना ताणलेल्या स्थितीतून निवांत कसे होते, ते बोटाने हवेत रेषा काढत पाहावे. गोव्यातल्या काही वीरगळांवर जहाजांवरची लढाई कोरलेली आहे, आणि तेथे पायाखालची जमीनच हलती असल्यामुळे उभे राहण्याचा प्रश्न आणखी रंजक होतो.

तेथून रस्ता ओलांडला की बाँ जेझूस बॅसिलिका. संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीखालचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सचा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याने घडवला, आणि तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने तो भेट म्हणून पाठवला. १६९८ साली तो येथे उभा राहिला. त्यावरच्या चार ब्राँझच्या पट्ट्यांवर संताच्या आयुष्यातले प्रसंग आहेत. एक लहान दुर्बीण सोबत न्यावी, नाहीतर त्या पट्ट्यांतल्या आकृती नीट दिसत नाहीत. ज्यांना पुढे कधी फ्लॉरेन्सला जायचे आहे, त्यांच्यासाठी त्या शहराच्या मूर्तिकलेचा एक तुकडा आपल्या घराजवळ आधीच येऊन बसलेला आहे.

सांता मोनिका मठातल्या ख्रिस्ती कलेच्या संग्रहालयात हस्तिदंती ख्रिस्तमूर्ती पाहाव्यात. हस्तिदंत मुळातच वाकडा असतो, त्यामुळे क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या देहाचे वळण अनेकदा दाताच्या नैसर्गिक वळणातून आलेले असते. पसरलेले हात मात्र त्या एका तुकड्यात मावत नाहीत, म्हणून ते वेगळे कोरून खांद्याशी जोडतात. तो सांधा शोधावा. येथे वजन पायावर नसते, ते हातांतून लोंबत असते, म्हणून बरगड्या उचललेल्या आणि पोट आत गेलेले दिसते. या मूर्तींतल्या बरगड्या कोरणारे हात इथल्याच कारागिरांचे होते. काही मूर्तींत त्या इतक्या नेटक्या, समांतर रेषांत येतात की शरीरशास्त्रापेक्षा नक्षीच अधिक वाटते, आणि मला त्या त्याच कारणाने आवडतात.

जिवंत शरीराचा सरावही विसरू नये. पहाटे एखाद्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचे मोठे जाळे, ओढली जात असेल, तर थोड्या अंतरावर बसून पाहावे. रापणकार टाचा वाळूत रोवून मागे रेलतात, दोरावरचा भार पाठीतून कमरेत आणि कमरेतून टाचेत उतरतो. माडावरून उतरणाऱ्या पाडेल्याच्या पोटऱ्या आणि तळपाय पाहिले, तर दगडातल्या पोटऱ्या खऱ्या की सवयीने कोरलेल्या, हे ओळखण्याची दृष्टी येते. कॅमेरा मात्र पिशवीतच ठेवावा. ती माणसे कामावर असतात.

शेवटी काणकोणातल्या लोलयेचा वेताळ. गोव्यातल्या जुन्या वेताळमूर्ती बहुधा नग्न आणि उभ्या असतात, एका हातात खड्ग, दुसऱ्या हातात पात्र, अंगावर सापांचे अलंकार. लोलयेची मूर्ती उघड्यावर, आभाळाखाली उभी आहे. तेथे गेल्यावर पादत्राणे काढावीत, स्थानिक माणसाला विचारल्याखेरीज छायाचित्र काढू नये आणि अंगाला हात लावू नये, कारण हा गावाचा राखणदार आहे आणि त्याची पूजा आजही होते. तोल, खांदे, छाती, गुडघे असा क्रम मनात ठेवून त्याच्याकडे पाहिले, म्हणजे नग्न पुरुषमूर्ती पाहण्यासाठी आपल्याला ग्रीसची वाट पाहण्याची गरज नव्हती, हे लक्षात येते.

दालनात शिरल्यावर

पहिल्यांदा नेपल्सला गेलो तेव्हा मी एका दुपारी दोनशेहून अधिक छायाचित्रे काढली आणि घरी आल्यावर त्यांतली निम्मी ओळखताही आली नाहीत. तेव्हापासून एका फेरीत चारच मूर्ती, असा नियम मी पाळतो. प्रत्येकीला पंधरा मिनिटे द्यावीत. बाकीच्या मूर्तींवरून नजर फिरवायला हरकत नाही, पण त्यांच्यापुढे थांबू नये.

मूर्तीच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट अंतरावर आधी उभे राहावे आणि संपूर्ण बाह्यरेषा पाहावी. मग पायांपासून वर यावे. कोणती टाच जमिनीला चिकटली आहे, कोणता गुडघा सैल आहे, कमरेची रेषा कुठे कलली आहे, बेंबी मध्यरेषेवर आहे की सरकलेली, खांदे कुठे झुकले आहेत. डोके सर्वांत शेवटी पाहावे, कारण चेहरा एकदा दिसला की बाकीचे शरीर त्याच्या भावनेचे केवळ आधारस्तंभ होऊन बसते. हा क्रम उलटा करणारे पाहणारे मी असंख्य पाहिले आहेत, आणि मूर्तीच्या पाठीमागे न जाणारे तर त्याहून अधिक. पाठीची खळगी, खांद्याची हाडे आणि नितंबांचा असमान ताण पुढून पाहिलेल्या वजनाची साक्ष देतात. भिंतीला टेकवलेल्या मूर्तीच्या बाबतीत निदान दोन्ही कडांनी डोकावावे.

हा क्रम अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात लावून पाहावा. तेथल्या कूरोस नावाच्या तरुणमूर्तींत डावा पाय पुढे टाकलेला असतो, पण कंबर तसूभरही हललेली नसते. माणूस चालतोही आहे आणि उभाही आहे. आता अ‍ॅक्रोपोलिस संग्रहालयात जाऊन 'क्रितिओस बालक' म्हणून ओळखली जाणारी, इसवी सनपूर्व ४८० च्या सुमाराची मूर्ती पाहावी. तिचा उजवा गुडघा सैल आहे, वजन डाव्या पायावर आहे आणि कंबर त्याबरोबर कललेली आहे. आरशापुढे आपल्या अंगात जे जाणवले होते, ते दगडात इतक्या नेमकेपणाने उतरलेले फार आधीच्या मूर्तींत सापडत नाही. पुढे ग्रीक शिल्पकार पॉलिक्लायटसने या कल्पनेला शिस्त दिली. त्याच्या 'भालाधारी'ची पॉम्पेई येथे सापडलेली संगमरवरी प्रतिकृती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. उजवा पाय भार घेतो आणि डावा हात भाला धरतो, डावा पाय सैल आहे आणि उजवा हात मोकळा सुटलेला आहे. भार आणि सैलपणा असे तिरके एकमेकांना छेदतात.

याच प्रतिकृतीत आणखी एक गोष्ट शोधावी. भार घेणाऱ्या पायाला चिकटून झाडाचे खोड आहे. मूळ मूर्ती ब्राँझची होती. ब्राँझ आतून पोकळ आणि चिवट असल्यामुळे पातळ घोट्यांवरही उभे राहू शकते, संगमरवर मात्र तेथेच मोडतो. म्हणून रोमन कारागिरांनी प्रतिकृतीला खोडाचा किंवा मनगट आणि मांडी जोडणाऱ्या दगडी पट्टीचा आधार दिला. आधार दिसला की तो मनात पुसून मूर्ती पुन्हा पाहावी. उलट, मूळ ब्राँझ कसे असते हे पाहायचे असेल तर इटलीच्या टोकाला रेज्जो कालाब्रिया येथे जावे. रियाचेजवळच्या समुद्रात १९७२ साली सापडलेले दोन योद्धे तेथे आहेत, त्यांना कसल्याही खोडाचा आधार नाही, ओठ आणि स्तनाग्रे तांब्याची आहेत आणि एकाचे दात चांदीचे आहेत. प्रेक्षकांना लहान गटांत, हवा शुद्ध करणाऱ्या खोलीत काही मिनिटे थांबवून आत सोडतात. तो वेळ आधीच हिशेबात धरावा.

जुन्या मूर्तीत कोणता भाग मूळचा आणि कोणता नंतर जोडलेला, हेही तपासावे लागते. नाक, बोटे आणि हात यांवर पहिला संशय घ्यावा. ग्रीक शिल्पकार मायरनच्या थाळीफेक्याची ब्रिटिश म्युझियममधली प्रतिकृती याचे उत्तम उदाहरण आहे. तिच्यावर बसवलेले डोके चुकीच्या दिशेला वळलेले आहे. रोममधल्या पालात्सो मास्सिमोतल्या प्रतिकृतीत ते मागे, थाळीच्या दिशेला आहे आणि त्यामुळे अंगाचा पीळ शेवटपर्यंत पोहोचतो. व्हॅटिकनमधल्या, सापांच्या विळख्यात सापडलेल्या लाओकोनचा उजवा हात शतकानुशतके सरळ वर ताणलेला दाखवला जात होता. विसाव्या शतकाच्या आरंभी मूळ हात सापडला तेव्हा तो मागे दुमडलेला निघाला. पांढऱ्या संगमरवराविषयीही सावध असावे. यातल्या कितीतरी मूर्ती मुळात रंगवलेल्या होत्या, आणि आज आपण ज्याला अभिजात शुभ्रता म्हणतो ती पुष्कळदा केवळ झिजेची देणगी आहे.

भारतीय मूर्तीपुढे हीच मोजपट्टी जशीच्या तशी लावू नये. ग्रीक मूर्तिकार त्वचेखालचे स्नायू दाखवतो. आपला मूर्तिकार बहुधा त्वचेखालचा श्वास दाखवतो. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातले हडप्पाचे लाल दगडातले पुरुषाचे धड दहा सेंटिमीटरांहूनही लहान आहे, तरी त्याचे किंचित सुटलेले पोट जणू नुकताच श्वास घेतल्यासारखे भरलेले आहे. 'स्नायू दिसत नाहीत, म्हणजे शरीराचे ज्ञान कमी' असे म्हणणाऱ्याला त्या धडापुढे नेऊन उभे करावे.

एकाच नग्नतेचे चार अर्थ

ग्रीक तरुण नग्न असतो, कारण व्यायामशाळेत तो तसाच असे. त्याच्या नग्नतेत नागरिकाचा अभिमान आहे. जननेंद्रिय लहान दाखवण्याचा संकेतही संयमाच्या कल्पनेशी जोडलेला होता, आणि सोबतच्या मुलांनी विचारलेच तर एवढे सरळ उत्तर पुरते. क्रुसावरच्या ख्रिस्ताचा उघडा देह यातनेचा आहे. वेताळाची नग्नता भयाची आणि सामर्थ्याची आहे. दिगंबर जैन मूर्तीत वस्त्राबरोबर सगळेच सोडून दिलेले असते. दावीदपुढे लाजून मान वळवणारी माणसे बाहुबलीपुढे हात जोडतात, यात मला ढोंग दिसत नाही. नग्नतेचा अर्थ संदर्भाने ठरतो हे त्यांना न शिकवताच कळलेले असते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात दावीदच्या प्रतिकृतीसाठी बनवलेले प्लास्टरचे अंजिराचे पान आजही ठेवलेले आहे. राजघराण्यातल्या स्त्रिया येणार असल्या की ते लावत असत.

बाहुबली पाहण्यासाठी गोव्याहून कारकळ सोयीचे आहे. मडगावहून कोकण रेल्वेने उडुपी आणि तेथून रस्त्याने कारकळ. १४३२ साली उभारलेली, सुमारे बेचाळीस फुटी मूर्ती उघड्या टेकडीवर आहे. सवड असेल तर श्रवणबेळगोळही करावे. तेथली दहाव्या शतकातली मूर्ती सत्तावन्न फुटी आहे, आणि तिच्या पायाशी 'श्रीचावुण्डराजें करवियलें' ही अक्षरे कोरलेली आहेत. मराठीच्या सर्वांत जुन्या कोरीव ओळींत तिची गणना होते, त्यामुळे मराठी प्रवाशाने तेथे वाकून पाहिलेच पाहिजे. मूर्ती कायोत्सर्गात उभी आहे: दोन्ही पायांवर सारखा भार, हात शरीरापासून किंचित सुटे, पायांशी वारूळ, आणि मांड्या-दंडांवरून चढलेल्या वेली. हालचाल पूर्णपणे थांबली आहे, हे सांगण्यासाठी मूर्तिकाराने वेलीला वाढू दिले आहे. पायऱ्या सहाशेंहून अधिक आणि चढण अनवाणी असते. दुपारी दगड तापतो, म्हणून सकाळी लवकर चढावे.

बदामीसाठी वास्को किंवा मडगावहून हुबळीपर्यंत रेल्वेने जाऊन तेथे गाडी बदलावी. पहिल्या लेण्यातला अठरा हातांचा नटराज अतिभंग समजण्यासाठी पाहावा; हात मोजण्याचा मोह टाळून आधी त्याचे पाय पाहावेत. तिसऱ्या लेण्यात इसवी सन ५७८ चा लेख आहे आणि विष्णूच्या भव्य मूर्ती आहेत, पण वेळ कमी असेल तर मी चौथ्या, जैन लेण्यात जाऊन वेलींनी वेढलेला बाहुबली पाहीन, कारण कारकळच्या मूर्तीशी त्याची तुलना करता येते.

पिशवीत काय असावे

शिसपेन्सिल, छोटी वही, दुर्बीण आणि बंदिस्त दालनांसाठी एक शाल. बहुतेक संग्रहालयांत शाईचे पेन चालत नाही. चित्रकला येत नसली तरी प्रत्येक मूर्तीसाठी पाच रेषा काढाव्यात: खांद्यांची, कमरेची, कण्याची आणि दोन पायांच्या. एवढ्या पाच रेषांनी आठवलेली मूर्ती छायाचित्रापेक्षा अधिक टिकते. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. फ्लॉरेन्सची अकादमी सोमवारी आणि नेपल्सचे संग्रहालय मंगळवारी बंद असते. अकादमीतल्या दावीदसाठी तिकीट आधीच काढून ठेवावे. दावीद सव्वापाच मीटरच्या जवळपास उंच आहे, आणि मुळात कॅथीड्रलच्या उंचावरच्या जागेसाठी कोरायला घेतला होता. त्याचे डोके आणि उजवा हात शरीराच्या मानाने मोठे वाटतात, याचे कारण अनेक जण त्या उंचीतच शोधतात. खाली बसून, मान वर करून पाहिल्यावर ते प्रमाण पटते का, हे प्रत्येकाने स्वतः ठरवावे. दालनाच्या कडेला बाके आहेत, आणि थकलेल्या मंडळींना तेथे बसवून आपण पुन्हा एकदा पाठीमागे जाऊन यावे.